पातेल्यापासून पोटापर्यंत : शाळेतल्या आहाराचे नियोजन

शालेय पोषण आहाराचा नियम चार ओळींत मावतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या प्रत्येक दिवशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला याच्या दीडपट, म्हणजे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. मीठ-मसाला लागेल तेवढा. एवढ्या जिनसांतून लहान गटाला किमान ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर मोठ्या गटाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि उच्च प्राथमिक शाळा २२० दिवस भरते. त्या प्रत्येक दिवशी हे आकडे अन्नाच्या रूपात ताटात उतरवायचे असतात. कोणत्या वारी काय शिजवायचे याची तालिका ठरवण्याला त्यामुळेच महत्त्व येते.

हा नियम टप्प्याटप्प्याने आकाराला आला. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी नेण्यासाठी मिळे. ते धान्य घरच्या डब्यात पडे आणि सगळ्या कुटुंबात वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्नच दिले पाहिजे, असा आदेश दिला. पुढे उष्मांकांचे प्रमाण ३०० वरून ४५० वर गेले आणि योजना आठवीपर्यंत पोहोचली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरवले. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण झाले. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांत मात्र ‘पोषण आहार’ किंवा नुसता ‘आहार’ हेच नाव रूढ आहे.

ग्रॅमचा हिशेब

आकडे कसे जुळतात, हे साध्या मुगाच्या खिचडीवरून पाहता येते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळातून सुमारे ३५५ किलोकॅलरी आणि ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. २० ग्रॅम मूगडाळीतून ६५ किलोकॅलरी आणि पावणेपाच ग्रॅम प्रथिने मिळतात. ५ ग्रॅम तेलाच्या ४५ किलोकॅलरी होतात. भाजीच्या १५-२० धरल्या, तर बेरीज ४८० च्या घरात जाते आणि प्रथिने तेरा ग्रॅमच्या वर जातात. नियम पाळला गेला.

आता याच खिचडीत डाळ निम्मी पडली असे धरले, तर काय होते? उष्मांक ४५० च्या आसपासच राहतात. खिचडी पोटभर होते आणि दिसायलाही तशीच दिसते. प्रथिने मात्र १२ च्या खाली उतरतात. वजनाने डाळ तांदळाच्या एक पंचमांश असली, तरी ताटातल्या प्रथिनांचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा तिचा असतो. शिवाय भाताच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. डाळीत जी गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात, ती भात पुरवतो. वरण-भात, खिचडी, उसळ-भात या जोड्या पिढ्यानुपिढ्या टिकल्या, त्यामागे हा मेळ आहे. डाळीत हात आखडता घेतला की हा मेळच मोडतो.

भाजीची गोष्ट याहून फसवी आहे. खिचडीतून भाजी पूर्ण वगळली, तरी लहान गटाचे दोन्ही आकडे कागदावर पुरे भरतात. ४६५ किलोकॅलरी आणि साडेबारा ग्रॅमहून अधिक प्रथिने भाजीशिवायही होतात. मग कमी काय पडते? अ आणि क जीवनसत्त्वे, फोलेट, चोथा, म्हणजे या दोन आकड्यांत न दिसणारे सगळे काही. म्हणून नियमात भाजीचे वजन वेगळे लिहिले आहे आणि तालिका आखताना तिचा हिशेबही वेगळाच ठेवावा लागतो. मोठ्या गटाला तर प्रथिनांसाठीही भाजी लागते. तांदूळ आणि डाळ मिळून १९ ग्रॅमपर्यंत पोहोचतात. वीसचा आकडा भाजी धरली तरच गाठला जातो.

आकड्यांत न दिसणारे

शाळकरी वयात रक्तातले लोह कमी असणे ही सर्रास आढळणारी उणीव आहे. योजनेतला तांदूळ आता पोषणमूल्ये वाढवलेला असतो. दर १०० किलो तांदळात एक किलो खास दाणे मिसळलेले असतात आणि त्यांत लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व असते. हे दाणे रंगाने आणि आकाराने किंचित वेगळे दिसतात. तांदूळ निवडताना ‘हा प्लास्टिकचा तांदूळ’ असे समजून ते वेचून टाकले गेल्याचे प्रकार अनेक ठिकाणी घडले आहेत. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात आणि ते फेकले की लोहही त्यांच्याबरोबर जाते. तांदूळ फार वेळा चोळून धुऊ नये आणि शिजवताना जास्तीचे पाणी ओतून टाकू नये, हाही तालिकेइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

लोह नुसते पोटात जाऊन भागत नाही, ते अंगी लागावे लागते. धान्य-कडधान्यांतले फायटेट त्याला अडवतात आणि क जीवनसत्त्व त्याला वाट करून देते. कडधान्याला मोड आणले की फायटेट कमी होतात आणि क जीवनसत्त्व तयार होते. ते उष्णतेने नाश पावते. म्हणून मटकी रटरटा शिजवण्यापेक्षा झाकण ठेवून वाफेवर शिजवावी आणि उतरवल्यावर लिंबू पिळावे. शंभर मुलांच्या पातेल्यात पिळलेल्या आठ-दहा लिंबांचा खर्च थोडा असतो आणि काम मोठे असते.

कॅल्शियमसाठी महाराष्ट्राकडे नाचणी आणि शेवगा आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि तांदळात त्याचा दहावा हिस्साही नसतो. शेवग्याचा पाला कॅल्शियमबरोबर अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्यही देतो. शाळेच्या कुंपणाला लावलेली शेवग्याची दोन झाडे वर्षातले कित्येक दिवस आमटीत पाला पुरवू शकतात. शाळेच्या परसबागेचा आग्रह योजनेत धरला आहे तो याचसाठी. पालक, लाल माठ, मेथी, कढीपत्ता, दुधी, भोपळा हे सगळे थोड्या जागेत आणि हात धुण्याच्या पाण्यावर येते.

वारांची घडी

पोषणाचा हिशेब जमला की प्रश्न उरतो तो वारांचा. महाराष्ट्राने जून २०२४ मध्ये १५ पाककृतींची यादी ठरवून दिली. तिच्यात व्हेजिटेबल पुलाव, मसाले भात, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मसुरी पुलाव, मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात असे पदार्थ आहेत. मुख्य पदार्थ, मोड आलेले कडधान्य आणि गोड असे ताटाचे तीन भाग करण्याची कल्पना त्यामागे होती. पुढे अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले आणि त्यांचा खर्च लोकसहभागातून उभा करायचा ठरला.

यादी वरून आली, तरी तिची घडी शाळेतच बसवावी लागते. सोमवारी मोड आलेल्या मटकीची उसळ कागदावर छान दिसते. पण मटकीला सात-आठ तास भिजायला आणि पुढे फडक्यात बांधून रात्रभर मोड यायला वेळ लागतो. म्हणजे ती रविवारी सकाळी भिजवायला हवी आणि रविवारी शाळा बंद असते. म्हणून सोमवारी मूगडाळीची खिचडी बरी. तिला भिजवण लागत नाही आणि शनिवारी आणून ठेवलेला भोपळा किंवा दुधी तिच्यात चालतो. सोमवारी दुपारी घरी जाण्यापूर्वी चवळी भिजत घातली की मंगळवारी चवळी खिचडी होते. मटकी सोमवारी सकाळी भिजवली की बुधवारी तिचे मोड चांगले बोटभर येतात. पालेभाजी टिकत नाही, म्हणून ती आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लावावी. बाजार बुधवारचा असेल तर गुरुवारी पालक किंवा शेवगा घातलेले वरण आणि भात. शुक्रवारी सोयाबीन पुलाव, कारण २० ग्रॅम सोयाबीनमधून सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि आठवड्यात कुठे कमी पडले असेल ते भरून निघते. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून न भिजवता लवकर शिजणाऱ्या मसुराचा पुलाव.

अंड्याचा वार ठरवतानाही गावाची रीत पाहावी लागते. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने आणि त्यासोबत ब-१२ मिळते, जे पोषणमूल्ये न वाढवलेल्या साध्या डाळ-भातात मुळीच नसते. परंतु अनेक घरांत सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पाळला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, तेव्हा बुधवार किंवा शुक्रवार निवडला; त्यात हे वार टळले. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळी किंवा स्थानिक फळ ठेवले होते. केळे पोट भरते, पण त्यात प्रथिने एक-दीड ग्रॅमच असतात. त्यामुळे अशा मुलांना केळ्यासोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे दिले, तर बदल्यात काहीतरी बरोबरीचे मिळते.

पातेले आणि ओगराळे

समजा, एका शाळेत आज पाचवीपर्यंतची ४० आणि वरच्या वर्गांची २० मुले हजर आहेत. तांदूळ चार किलो अधिक तीन, असा सात किलो. डाळ ८०० अधिक ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलो ४०० ग्रॅम. भाजी साडेतीन किलो आणि तेल ३५० ग्रॅम. पटावर ७० मुले असली तरी तराजूत टाकायचे ते हजेरीप्रमाणे. म्हणून हजेरी घेतल्यावरच कोठी उघडावी.

पाणी धरून ही खिचडी सुमारे २८ किलो होते. लहान मुलाचा एक वाटा आणि मोठ्याचा दीड धरला, तर एकूण ७० वाटे पडतात आणि एक वाटा ४०० ग्रॅमचा येतो. वाढायला २०० ग्रॅमचे ओगराळे घेतले, की लहान मुलाला दोन आणि मोठ्याला तीन ओगराळी, हा हिशेब कोणाच्याही ध्यानात राहतो. ओगराळे एकदा तराजूवर मोजून, त्यावर खूण करून ठेवले की रोज अंदाज बांधावा लागत नाही आणि रांगेतल्या शेवटच्या मुलाला खरवड खावी लागत नाही.

नियमाची खरी परीक्षा इथेच होते. ४०० ग्रॅम खिचडी म्हणजे मोठी वाटी भरून दोनदा. पाचवीतला मुलगा ती सहज संपवतो. पहिलीतली सहा वर्षांची मुलगी एका बैठकीत निम्मी खाते आणि उरलेली ताटात राहते. दोघांनाही नियम सारखाच १०० ग्रॅम सांगतो, कारण तो सरासरीचा आहे. शिजवलेल्या अन्नाचा हिशेब कोठीत लागतो, पण पोषण होते ते खाल्लेल्या अन्नाने. म्हणून आधी एक ओगराळे वाढावे आणि मागेल त्याला मागेल तितक्यांदा द्यावे. लहान मुलांसाठी कमी घासांत जास्त सत्त्व बसवावे. खिचडीवर कच्च्या तेलाची धार किंवा शेंगदाण्याचे कूट घातले, तर घास तेवढेच राहतात आणि जोर वाढतो. दहा ग्रॅम कुटातून ५० किलोकॅलरी आणि दोन ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात.

कोणता पदार्थ मुले टाकतात, हे बघणे हाही नियोजनाचाच भाग आहे. ताटांत उरलेले अन्न एका बादलीत काढून आठवडाभर तिचे वजन मांडले, की कोणत्या वारचा पदार्थ बदलायचा ते लगेच कळते. सोयाबीनचा उग्र वास, कमी भिजलेला हरभरा, कच्चट राहिलेली चवळी अशी कारणे बहुधा कृतीतच सापडतात. पदार्थ यादीतून काढण्याआधी त्याची फोडणी आणि भिजवण सुधारून पाहावी.

खर्चाची चौकट

धान्य केंद्राकडून मोफत मिळते. बाकी साहित्यासाठी १ मे २०२५ पासून लहान गटाला प्रतिदिन ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या गटाला १० रुपये १७ पैसे असा दर आहे. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन हे सगळे त्यातच बसवायचे. भाजीचा भाव चढला की हात तिथेच आखडतो. याला उपाय म्हणजे मोसम ओळखून तालिका लावणे. हिवाळ्यात मटार, गाजर, मेथी. उन्हाळ्यात टिकणारा लाल भोपळा आणि दुधी. पावसाळ्यात बाजारातली पालेभाजी महाग आणि चिखलाने खराब, तेव्हा परसबागेतला शेवगा आणि घरोघरी वाढणारा अळू. एकच तालिका बारा महिने चालवणारी शाळा वर्षातले निदान चार महिने महाग आणि शिळी भाजी विकत घेते. वाढदिवस, पुण्यतिथी, सण यांच्या निमित्ताने गावकरी मुलांना तिथी भोजन देतात, तेव्हा बुंदी-जिलेबीऐवजी फळे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू किंवा अंडी मागितली, तर नेमके कमी पडणारे ताटात येते.

सकाळच्या न्याहारीचा विचार

दुपारचे जेवण मिळेपर्यंत मूल उपाशी बसले असेल, तर सकाळचे तास वाया जातात. शेतमजुरी किंवा ऊसतोडीला जाणारे आई-बाप पहाटे घर सोडतात आणि मूल नुसत्या चहावर शाळेत येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हणूनच जेवणाखेरीज सकाळच्या न्याहारीची शिफारस केली. गरम अन्न देणे शक्य नसेल तिथे गुळासोबत शेंगदाणे किंवा हरभरे आणि स्थानिक फळ द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. गूळ-शेंगदाणे आणि गूळ-फुटाणे महाराष्ट्राच्या घराघरांत आधीपासूनच आहेत.

न्याहारी देऊन दाखवली ती तमिळनाडूने. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत ही योजना सुरू झाली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलांपर्यंत गेली. दर मुलामागे ५० ग्रॅम रवा, शेवया किंवा तांदूळ आणि सांबारासाठी १५ ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. तालिका आखीव आहे. उपम्याचे, खिचडीचे आणि पोंगलचे प्रकार वारांनुसार फिरतात आणि सोबत भाज्या घातलेले सांबार असते. परिसरात पिकणारी भरडधान्येही आठवड्यात वापरायची असतात. धान्य दुपारच्या जेवणाच्या निम्मे असूनही डाळ मात्र पाऊणपट ठेवली आहे. न्याहारी हलकी असावी पण पोकळ नसावी, हे सूत्र या प्रमाणात दिसते. पदार्थ निवडताना वेळेचाही विचार केलेला आहे. शाळा भरण्याआधी, तास-दीड तासात शिजणारे आणि लहान मुलांना चावायला सोपे असेच पदार्थ घेतले आहेत.

अमेरिकेतल्या शालेय न्याहारीचे नियम दुसऱ्या टोकाची चिंता करतात. तिथे पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी आठवड्याची सरासरी ३५० ते ५०० किलोकॅलरींमध्ये राहिली पाहिजे. रोज एक कप दूध आणि एक कप फळ द्यावे लागते. सोडियमला आणि संपृक्त स्निग्धांशाला वरची मर्यादा आहे. जुलै २०२५ पासून न्याहारीच्या सिरियलमध्ये दर २८ ग्रॅममागे सहा ग्रॅमहून जास्त वरची साखर चालत नाही. भारताचा नियम ‘निदान एवढे तरी’ सांगतो आणि अमेरिकेचा नियम त्यासोबत ‘याहून जास्त नको’ असेही बजावतो. मुंबई-पुण्याच्या शाळांभोवती पाकीटबंद खाऊचे ढीग लागलेले असताना बिस्किटे आणि गोड पेये न्याहारी म्हणून देण्याचा मोह होतो. अशा वेळी ही दुसरी बाजूही तालिकेत असावी. गोव्यातल्या सकाळच्या शाळांत बचत गट मधल्या सुट्टीत पावभाजीसारखा आहार पोहोचवतात. तिथे पाव मैद्याचा असल्याने भाजीत वाटाणा-हरभरा किती आहे, यावर त्या ताटाची किंमत ठरते.

चव, झाकण आणि वही

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावात शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. कीटकनाशक शिजवण्याच्या तेलातून अन्नात गेले होते. त्यानंतर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले गेले, की मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखून पाहिले पाहिजे. चव नोंदवहीतली सही नुसता उपचार म्हणून उरू नये, यासाठी ती सही घास खाल्ल्यावरच व्हावी. तेलाचे डबे आणि धान्याची पोती खते-औषधांपासून लांब, जमिनीपासून उंचावर ठेवावीत. शिजलेले अन्न झाकून ठेवावे आणि गरम असतानाच वाढावे. उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

चांगल्या तालिकेत एका नजरेत पाच गोष्टी दिसतात. आठवड्यात चार-पाच वेगवेगळ्या डाळी-कडधान्ये, दोनदा तरी हिरवी पालेभाजी, दोनदा मोड आलेले किंवा भिजवलेले कडधान्य, एकदा अंडे, फळ किंवा शेंगदाणे, आणि प्रत्येक पदार्थासमोर त्याची आदल्या दिवशीची तयारी. हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला असावा आणि त्याची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांच्या हाती असावी. आज काय आणि किती मिळायला हवे, हे ज्या आईला माहीत असते, तिच्या मुलाच्या ताटात डाळ सहसा पातळ होत नाही.